चारचौघांत पापणी फडफडते तेव्हा

चेन्नईतील तमिळ घरांत एक वाक्य पदोपदी ऐकू येते : "नालु पेर एन्न सोल्लुवांग?" शब्दशः अर्थ असा की, चार माणसे काय म्हणतील? मराठी आईवडीलही आपल्या मुलांना पिढ्यान् पिढ्या हाच प्रश्न विचारत आले आहेत. समाजाची गणती दोन्ही भाषांनी नेमकी चारांवरच थांबवावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. या चार माणसांचा धाक वागणुकीला वळण लावतो, हे खरे. परंतु काहींच्या बाबतीत तो धाक मनात न थांबता थेट शरीरात उतरतो, आणि मग त्यांच्या आयुष्यातील किती तरी दारे हळूहळू बंद होऊ लागतात.

सभेत नाव पुकारले जाताच एखाद्याची पापणी फडफडू लागते. कोणाच्या ओठाचा कोपरा आपोआप ओढला जातो, कोणाची मान झटका देते, तर कोणाच्या हातातील पेला बशीवर किणकिणू लागतो. घरी एकांतात यांतले काहीच जाणवत नाही; चारचौघांत मात्र हटकून होते. अशा माणसाचे दुःख दुहेरी असते. एक त्या हालचालीचे, आणि दुसरे ती कोणी पाहिली असेल या लाजेचे. यांतील दुसरे दुःख पहिल्याहून कितीतरी मोठे आहे. त्याच्यामुळेच हुशार मुले तोंडी परीक्षेला घाबरतात, तरुण मुलाखती टाळतात आणि सुना-मुली लग्नकार्यात स्वयंपाकघराच्या बाहेर येत नाहीत.

वाचकहो, या त्रासाविषयी आज पुष्कळ ज्ञान उपलब्ध आहे, आणि त्यातील बराच भाग घरच्या घरी उपयोगात आणण्याजोगा आहे.

शरीराची जुनी भाषा

मनाची खळबळ शरीरावर उमटते, हे आपल्या पूर्वजांना उत्तम ठाऊक होते. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. खिळून जाणे, घाम फुटणे, आवाज चिरकणे, कापरे भरणे, चेहऱ्याचा रंग पालटणे ही लक्षणे सभेत उभ्या राहिलेल्या बुजऱ्या माणसाचीच नव्हेत काय? १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी चेन्नईत कलाक्षेत्राची स्थापना केली. तेव्हापासून तेथे भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुली भिवया, पापण्या आणि ओठ यांची सूक्ष्म हालचाल वर्षानुवर्षांच्या साधनेने आपल्या ताब्यात आणीत आल्या आहेत. चेहऱ्याचे स्नायू किती चंचल आणि मनाच्या किती जवळचे आहेत, याची कल्पना त्या परिश्रमांवरून यावी.

भय वाटले म्हणजे मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय वेगाने धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू ताणले जातात. प्रत्येक निरोगी माणसाच्या हातात अतिसूक्ष्म कंप असतोच. तो या द्रव्यामुळे वाढून डोळ्यांना दिसू लागतो. समोर वाघ असता तर ही सिद्धता उपकारक ठरली असती. समोर आहेत फक्त चार माणसे. पळायचे नाही, झुंजायचेही नाही. अशा वेळी ताणलेल्या स्नायूंना काही काम उरत नाही, आणि ते थरथरतात.

येथपर्यंत सारे स्वाभाविक आहे. खरी अडचण यापुढे सुरू होते. माणसाचे लक्ष समोरच्या कामावरून सुटते आणि आपल्याच पापणीवर जाऊन बसते. 'हलली का? यांनी पाहिले का?' अशी आतल्या आत पहारेदारी सुरू होते. पहाऱ्यामुळे भय वाढते, भयामुळे स्फुरण वाढते, आणि वाढलेल्या स्फुरणामुळे पहारा अधिकच कडक होतो. हे चक्र एकदा ध्यानात आले म्हणजे ते कोठे तोडावयाचे तेही कळते. पापणीवर हुकूम चालवता येत नाही. पहारा मात्र उठवता येतो.

मुंबईची फजिती आणि मद्रासचा जयघोष

याचे एक बोलके उदाहरण आपल्या इतिहासात आहे. मोहनदास करमचंद गांधी हे तरुणपणी विलक्षण बुजरे होते. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत असताना त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. लिहून आणलेले विचारसुद्धा दुसऱ्याने वाचून दाखवावे लागत. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीसाठी उभे राहिले, त्यांचे डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न न विचारता ते खाली बसले. ही हकीकत त्यांनी आपल्या आत्मकथेत स्वतःच सांगितली आहे.

पुढे दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी ते १८९६ साली स्वदेशी आले. २६ सप्टेंबर रोजी मुंबईत त्यांची सभा झाली. सर फिरोजशहा मेहता यांच्या सल्ल्याप्रमाणे भाषण आधीच छापून घेतले होते. वाचावयास उभे राहताच गांधींना कापरे भरले. सर फिरोजशहा ममतेने 'मोठ्याने वाचा, आणखी मोठ्याने' असे सांगत राहिले, आणि त्या प्रोत्साहनाने गांधींचा आवाज उलट खाली खालीच जात राहिला. अखेर त्यांचे मित्र केशवराव देशपांडे यांनी कागद हाती घेतले. श्रोत्यांनी दिनशा वाच्छा यांच्या नावाचा घोष केला, आणि वाच्छांनी ते भाषण वाचून सभा जिंकली.

बरोबर एक महिन्याने, २६ ऑक्टोबर १८९६ रोजी, हाच तरुण मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, पच्चैयप्पा सभागृहात उभा राहिला. भाषण याही वेळी छापलेले होते आणि त्यांच्या मानाने लांबलचक होते. श्रोत्यांनी त्याचा शब्दन् शब्द लक्ष देऊन ऐकला. बालसुंदरम् नावाच्या गिरमिटिया तमिळ मजुराला डर्बन येथे गोऱ्या मालकाने मारहाण करून त्याचे दात पाडले होते. रक्ताळलेल्या अवस्थेत तो गांधींकडे आला होता, आणि त्यांनी त्याची त्या मालकाच्या हातून सुटका केली होती. ती हकीकत ऐकून सभा हेलावली. सभा संपताच गांधींच्या 'हिरव्या पुस्तिके'वर लोकांच्या उड्या पडल्या, आणि पुढे तिची दहा हजार प्रतींची दुसरी आवृत्ती त्यांनी मद्रासलाच काढली.

मुंबईच्या सभेत अध्यक्षांसह साऱ्यांचे लक्ष वक्त्याच्या आवाजावर होते, आणि वक्त्याचेही तेथेच होते. मद्रासच्या सभेत वक्ता आणि श्रोते दोघांच्याही डोळ्यांपुढे बालसुंदरम् होता. या दोन सभांतून आपल्याला घेता येण्याजोगा धडा हाच. सभाधीटपणा बहुधा उपजत नसतो. बोलण्याच्या विषयाचे महत्त्व जेव्हा स्वतःच्या अंगावरील कंपापेक्षा मोठे होते, तेव्हा तो येऊ लागतो.

चार माणसे खरोखर किती पाहतात?

आपल्याकडे साऱ्यांचे लक्ष आहे, ही भावना बहुतांशी भ्रामक असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालावयास लाज वाटेल असा सदरा चढवून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवले. 'किती जणांनी तुमच्या सदऱ्यावरील चित्र ओळखले असेल?' असे विचारता त्यांनी सुमारे निम्म्या लोकांचा अंदाज केला. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शाच्या लोकांना ते ओळखता आले. एवढे ठळक चित्र जर नजरेतून निसटते, तर क्षणार्ध हललेली पापणी किती जणांच्या लक्षात राहणार?

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, चेन्नईतील सभागृहांत संगीताची रेलचेल असते. १९२८ साली स्थापन झालेल्या म्यूझिक अकॅडमीत जाऊन बसावे आणि गायकाचा चेहरा न्याहाळावा. भिवया उंचावतात, ओठ वाकडे होतात, मान झटकते, हात हवेत तान रेखाटतो. श्रोत्यांना त्यात खटकण्याजोगे काहीच वाटत नाही, कारण त्यांचे कान रागात गुंतलेले असतात आणि गायकाचेही चित्त तेथेच असते.

प्रत्येक स्फुरण सारखे नसते

उपायांपूर्वी निदान नीट व्हावयास हवे. नुसती पापणी फडफडणे हे बहुधा जागरण, थकवा, डोळ्यांवरील ताण, काळजी किंवा अतिरिक्त चहा-कॉफी यांमुळे घडते आणि काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप थांबते. डोळा लवला की पुरुषाचा उजवा शुभ, स्त्रीचा डावा शुभ असे आपण म्हणतो, आणि तमिळनाडूतही डोळ्याच्या स्फुरणावरून शकुन पाहतात. शकुन कोणताही असो, विश्रांतीची आज्ञा म्हणून त्याकडे पाहणे हितावह आहे.

डोळे मिचकावणे, खांदा उडवणे, मान झटकणे, घसा खाकरणे अशी तीच ती हालचाल वारंवार होत असेल आणि तत्पूर्वी आतून अनावर उर्मी दाटून येत असेल, तर तिला वैद्यकात 'टिक' म्हणतात. तिचे मूळ मेंदूच्या रचनेत असते. सामाजिक भय हे तिचे मूळ कारण नव्हे. मात्र भय, उत्तेजना आणि थकवा यांनी ती बळावते. मुलांत ती बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास दिसू लागते, दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान अधिक जाणवते आणि बहुतेकांत वय वाढेल तशी ओसरत जाते.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. चेहऱ्याची एकच बाजू सतत ओढली जाणे, हातापायांत अशक्तपणा येणे, झोपेतही हालचाल थांबत नसणे, कंपाबरोबर वजन घटणे व छातीत धडधडणे, किंवा नवे औषध सुरू केल्यावर हालचाली उद्भवणे, यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांची भेट लांबणीवर टाकू नये. कंठस्थ ग्रंथीचा विकारही हात कापवतो, आणि त्यावर निश्चित उपचार आहेत. चेहरा अकस्मात वाकडा झाला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

अभ्यासाने साध्य होणारे उपाय

पहिला उपाय अगदी साधा. पुरेशी झोप घ्यावी. चेन्नईची दवऱ्यात फेसाळणारी फिल्टर कॉफी मोह पाडणारी खरी. तथापि मुलाखतीच्या वा भाषणाच्या दिवशी तिचा दुसरा-तिसरा पेला टाळलेला बरा. मद्याचा आधार तर कधीच घेऊ नये. त्याने घटकाभर कंप थांबल्यासारखा वाटतो. उतरल्यावर भय आणि कंप दोन्ही वाढतात, आणि सवय जडते ती निराळीच.

दुसरा उपाय श्वासाचा आणि स्नायूंचा. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून अधिक वेळ घेऊन तो सोडावा. असे पाच मिनिटे करावे. अमेरिकेतील डॉ. एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायूंच्या शिथिलीकरणाची एक पद्धती मांडली. मूठ घट्ट आवळून काही क्षण ताण अनुभवावा, मग ती एकदम सैल सोडावी. याच क्रमाने दंड, खांदे, कपाळ, जबडा असे एकेक अंग घ्यावे. हा पाठ रोज रात्री निजण्यापूर्वी गिरवावा. ऐन सभेत प्रथमच करू पाहिल्यास तो साधत नाही.

तिसरा उपाय खास टिकसाठी आहे. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली तो प्रसिद्ध केला. आधी उर्मीची पहिली चाहूल ओळखावयास शिकावे, आणि ती येताच मूळ हालचालीला अडवणारी, पण इतरांच्या ध्यानात न येणारी दुसरी हालचाल करावी. खांदा उडत असेल तर तो हलकेच खाली दाबून धरावा. डोळे मिचकावत असतील तर संथपणे, ठरवून पापण्यांची उघडझाप करावी. साधारण मिनिटभरात, उर्मी ओसरेपर्यंत, हे चालू ठेवावे. जाणत्या उपचारकाच्या देखरेखीखाली ही पद्धत अनेकांना उपयोगी पडली आहे.

चौथा उपाय सर्वांत महत्त्वाचा, आणि थोडा कठीणही. भयाच्या जागा टाळण्याऐवजी पायरीपायरीने त्यांच्याकडे चालत जावे. समजा, नागपूरचा एखादा तरुण जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील संगणक कंपनीत रुजू झाला आहे. तमिळ येत नाही, बैठकीत बोलावयाचे म्हटले की ओठ थरथरतो. त्याने पहिल्या आठवड्यात बसच्या वाहकाकडे दोन तमिळ शब्दांत तिकीट मागावे. पुढे खाणावळीत वाढप्याशी बोलावे, मग सहकाऱ्याला काही विचारावे, मग बैठकीत एकच प्रश्न मांडावा, आणि शेवटी पाच मिनिटांचे निवेदन करावे. प्रत्येक पायरीवर भय आधी चढते आणि थांबून राहिल्यास उतरते. ते उतरेपर्यंत थांबणे, हाच खरा व्यायाम. या वेळी गालावर हात ठेवणे, काळा चष्मा लावणे, रुमालाने ओठ झाकणे असल्या युक्त्या सोडाव्यात. त्यांनी पहारा उठत नाही, तो अधिकच पक्का होतो.

एवढ्यानेही न भागल्यास मानसोपचार आणि औषधे आहेत. विचार व वर्तन यांना वळण लावणारी उपचारपद्धती सामाजिक भयावर गुणकारी ठरली आहे. प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी प्रसंगापुरता कंप कमी करू शकते. परंतु दमेकऱ्यांना ती घातक ठरू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या डबीतून उचलून ती कदापि घेऊ नये.

घरच्यांचे कर्तव्य

या दुखण्यात घरची माणसे नकळत औषध होतात किंवा विष. 'डोळे मिचकावू नकोस,' 'पुन्हा मान हलवलीस,' असे बोलून मुलाच्या अंगी भिनलेला पहारा आपण दुप्पट करतो. सर फिरोजशहांच्या ममतेनेही गांधींचा आवाज चढला नाही, मग रागावण्याने मुलाची पापणी कशी स्थिर व्हावी? हालचालीकडे दुर्लक्ष करावे आणि मुलाकडे लक्ष द्यावे. तो काय सांगत आहे ते शेवटपर्यंत ऐकावे. शिक्षकांना एकांतात कल्पना द्यावी. नक्कल करणाऱ्या भावंडांना समजावून थांबवावे.

विवाह जुळवण्याच्या प्रसंगी तर विशेष जपावे. आपल्याकडे कांदेपोहे, तर तमिळनाडूत सोज्जी-बज्जी. बशीतले पदार्थ निराळे, पण साऱ्या नजरा एका मुलीवर खिळवण्याची रीत तीच. तिचा हात कापला तर तो दोष मुलीचा नाही, त्या रीतीचा आहे. दोघांना घराबाहेर, एखाद्या बागेत किंवा मरिनाच्या वाळूवर मोकळेपणाने बोलू दिल्यास दोघांचीही खरी ओळख पटेल.

आणखी एक अडसर दूर करावयास हवा. चेन्नईत कोणाची थट्टा करावयाची तर त्याला 'कीळपाक्कम'ला धाडण्याची भाषा होते. आपल्याकडे त्यासाठी ठाणे किंवा येरवडा यांची नावे घेतली जातात. कीळपाक्कमच्या मनोरुग्णालयाची परंपरा १७९४ पर्यंत मागे जाते, आणि आजच्या जागी ते १८७१ पासून आहे. याच रुग्णालयाचे प्रमुखपद १९६१ पासून डॉ. शारदा मेनन यांनी सतरा वर्षे सांभाळले. भारतातील पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांचा गौरव होतो. पुढे १९८४ साली त्यांनी चेन्नईतच स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन ही संस्था उभी केली. थट्टेत घेतल्या जाणाऱ्या नावामागे असे दीर्घ सेवाकार्य उभे आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना आपण संकोचत नाही. मनाच्या डॉक्टरांकडे जाताना का संकोचावे?

प्रत्यक्ष जाणे तूर्त जमत नसेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालू असते. मराठी आणि तमिळ यांसह अनेक भाषांत समुपदेशक बोलतात. चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आपले मन आपल्याच भाषेत मोकळे करता यावे, ही सोय लहान नव्हे.

वाचकहो, या उपायांनी प्रत्येकाची पापणी कायमची निश्चल होईल, असे आश्वासन कोणी प्रामाणिक वैद्य देणार नाही. काहींचे स्फुरण थांबेल, काहींचे कमी होईल, काहींचे अधूनमधून डोके वर काढीत राहील. त्यामुळे पाऊल मात्र अडू नये. पापणी फडफडत असतानाही आपले म्हणणे पूर्ण करून जो जागेवर बसतो, त्याने निम्म्याहून अधिक वाट चालून झाली असे समजावे. आणि ज्या घरात त्याचे म्हणणे ऐकले जाते, तेथे उरलेली वाटही फार लांब राहत नाही.